अर्ध्या तोंडाचा चमत्कार

गुरुवारी पेडगावाबाहेरच्या पत्र्याच्या मांडवात पाय ठेवायला जागा उरत नसे. पाथरीकडून जीपा भरभरून येत. चुडाव्याकडच्या बाया रेल्वेने परभणीपर्यंत येत आणि तिथून पुढं मिळेल ते वाहन धरत. कुणाच्या कडेवर नातू, कुणाच्या हातात नारळ. म्हाताऱ्या होत्या, पण जास्त भरणा चाळिशी-पन्नाशीतल्या बायांचा होता. आयुष्यभर उन्हात कापूस वेचून, चुलीच्या धुरात तोंड घालून ज्यांचे चेहरे वयाच्या पुढं निघून गेले होते अशा.

डॉ. मनिषा मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. पलीकडच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात त्या वैद्यकीय अधिकारी होत्या. त्या इथं चमत्कार बघायला आल्या नव्हत्या. त्यांची थोरली बहीण सरजाबाई गेले काही महिने दर गुरुवारी इथं येते हे त्यांना कालच कळलं होतं, आणि ते खरं निघू नये असं वाटत होतं. पण तिसऱ्या ओळीत, पदर नीट सावरून, ताईच बसलेली होती.

व्यासपीठावर बन्सीधर महाराज बोलत होते. आवाज गोड, बोलणं ओघवतं.

"वय म्हंजी काय? वय म्हंजी तहान. रान तहानलं की भेगाळतं, चामडी तहानली की सुरकुतती. तुमच्या तोंडात चौदा तळी हायत माय, पापाच्या गाळानं बुजलेली. मी काय करतो? फकस्त गाळ काढतो. सरकार शिवारात पाणी आडवतं, मी तोंडात आडवतो. अमेरिकेचे डॉक्टर मला फोन करायलेत, महाराज, फॉर्म्युला द्या. मी म्हणलं, आधी चपला भायेर काढा."

बाया हसल्या. महाराजांनी एका बाईला पुढं बोलावलं. तिच्या डाव्या गालावर त्यांनी अंगारा फासला, पाप शोषून घ्यायला. उजव्या गालावर तीर्थाची ओली घडी ठेवली. मग भजन सुरू झालं. ते चांगलं लांबलं, आणि तेवढा वेळ घडीवर तीर्थाची धार धरलेली होती. भजन संपल्यावर घडी निघाली, त्या ओल्या गालावर 'तेजमलम' चोळलं गेलं. डाव्या बाजूचा अंगारा कोरड्या फडक्यानं पुसून आरसा बाईच्या हातात दिला.

बाया माना उंचावून बघू लागल्या. बाईचं उजवं तोंड तुकतुकीत, भरलेलं. डावं पांढरट, रेघ न् रेघ उठून दिसणारं. नाकाच्या दोन बाजूंना जणू आई आणि लेक बसल्या होत्या.

"उजवी बाजू देवाची," महाराज म्हणाले. "डावी तुमच्या कर्माची. मलम घरी न्या, रोज लावा. पण मधी सोडू नका. सोडलं तर तोंड पेटंल. मंग माझ्याकडं रडत यायचं न्हाई."

त्यांच्या शेजारी जरीच्या लुगड्यात धुरपतामाय बसलेली होती. वय पंच्याऐंशी, असं महाराज सांगत. केस काळे, गाल गुळगुळीत. महाराजांच्या कृपेचा जिवंत पुरावा. बाया तिच्या पाया पडत आणि पडता पडता तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघत.

मनिषाताईंना राग आला नाही. राग येणं मागंच बंद झालं होतं. साप चावलेलं पोर आधी मांत्रिकाकडं, कावीळ झालेला माणूस आधी ताईतवाल्याकडं, आणि सगळं हाताबाहेर गेल्यावर त्यांच्या टेबलावर. तेच तेच किती वर्षं सांगायचं, असं मनात आलं की आता फक्त पाठ दुखायला लागायची. त्या खांबापासून सुटल्या आणि बहिणीला घेऊन घरी निघाल्या.

गाडीत त्यांनी सरजाबाईचा चेहरा नीट पाहिला. दुरून तेज वाटत होतं. जवळून ते नुसतं तांबूस होतं. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, तिच्याखाली लाल शिरांचं जाळं, हनुवटीवर नवी लव.

"ताई, हे कधीपास्नं लावायलीस?"

"दिवाळीच्या आधीपास्नं."

"कामून पण?"

सरजाबाईनं तोंड खिडकीकडं वळवलं. मग म्हणाली, "तुझ्या लेकीच्या, अर्पिताच्या साखरपुड्यात तुझ्या विहिणीनं मला काय इचारलं, आठवतं का? 'ह्या तुमच्या आई का?' म्हणली. मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी हाय, मने. पाच. तू लगेच सांगितलंस, बहीण हाय म्हणून. पर तिनं इचारायचं ते इचारलंच. आता लग्न जवळ आलंय. फोटो निघत्याल. मला वाटलं, एवढ्या एका टायमाला तरी कुणी आज्जी म्हणू न्हाई."

बापाच्या मागं दोघींचं घर सरजाबाईनं मजुरी करून सांभाळलं होतं. एकीचं आयुष्य उन्हात गेलं, एकीचं सावलीत. ते दोघींच्या तोंडावर कुणालाही वाचता येण्यासारखं होतं.

"ह्या मलमात स्टिरॉइड आहे," मनिषाताई म्हणाल्या. "खरूज-गजकर्णाच्या नावाखाली ज्या ट्यूबा विकतात ना, त्यातलं औषध. सुरुवातीला तोंड उजळतं. मग कातडी पातळ होते. बंद करावंच लागेल. पण बंद केल्यावर काही आठवडे तोंड लाल होईल, आग होईल. मी देते ते लावायचं आणि धीर धरायचा."

सरजाबाईनं मलम बंद केलं. आणि तोंड पेटलं.

आधी गाल, मग कपाळ, मग डोळ्यांच्या पापण्यासुद्धा सुजल्या. बारीक फोड आले. वारा लागला तरी चटका बसायचा. शेजारणी दारातून डोकावून जाऊ लागल्या. महाराजांनी सांगितलं होतं ते खरं झालं, असं गल्लीभर झालं. एका गुरुवारी तर सरजाबाई पिशवी घेऊन पुन्हा मांडवाकडं निघालीच होती. मनिषाताईंनी तिला वाटेत गाठलं.

"मला सोड मने. मला न्हाई सोसत."

"मी सांगितलं होतं ना, आग होईल म्हणून?"

"तू बी तेच सांगितलंस, त्यो बी तेच म्हणला. दोघांचं बी खरं झालं. मंग तुझंच खरं कशावरून?"

मनिषाताई रस्त्यातच थांबल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका सरळ प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. 'मी डॉक्टर आहे म्हणून' हे त्याचं उत्तर नव्हतं. महाराजही 'मी महाराज आहे म्हणून' एवढंच सांगत होते.

"चल माझ्यासोबत," त्या म्हणाल्या. "दाखवते. तुला पटलं नाही तर मीच तुला मांडवात सोडून येईन."

दवाखान्यात त्या दिवशी पाथरीची वैष्णवी तपासणीला आली होती. कॉलेजातली पोरगी, तोंडाला ओढणी बांधलेली. मनिषाताईंनी तिची परवानगी घेतली आणि सरजाबाईला शेजारी बसवलं. वैष्णवीनं ओढणी सोडली. तोच लालपणा, तेच फोड, तशाच सुजलेल्या पापण्या.

सरजाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या आरशात स्वतःकडं.

"तू बी पेडगावच्या महाराजाचं मलम लावलं का गं?"

"कोण महाराज?" वैष्णवी म्हणाली. "मी तर गोरं व्हायला मेडिकलातून ट्यूब आणली होती. मैत्रिणीनं सांगितलेली. चांगले सहा महिने लावली. सोडली अन् असं झालं."

"पेडगावला कधीच गेली न्हाईस?"

"न्हाई मावशी. माझा देवाधर्माचा काही संबंधच न्हाई ह्यात."

सरजाबाईनं हळूच विचारलं, "मंग हिला कुणाचा शाप?"

"तेच तर," मनिषाताई म्हणाल्या. "शाप असता तर मांडवात येणाऱ्यालाच लागला असता. हे औषध महिनोन्महिने लावून सोडलं की असं होतं, मग तो माणूस मांडवात येवो न येवो. महाराजाला ते ठाऊक आहे. म्हणून तो आधीच सांगून ठेवतो. एकदा माणूस अडकला की त्याला धरून ठेवायला ह्यासारखी भीती नाही."

त्या दिवशी सरजाबाई मांडवाकडं गेली नाही. पुढच्या गुरुवारी मात्र ती स्वतःहून म्हणाली, "मने, चल. तोंडावर पदर न घेता येते मी."

मनिषाताईंना खरं तर जायचं नव्हतं. ठाण्यात त्यांनी तक्रार दिली होती, औषध खात्यालाही कळवलं होतं, आणि दोन्हीकडून 'बघतो' एवढंच ऐकलं होतं. आदल्या रात्री एक बाळंतीण अडलेली होती, झोप झालेली नव्हती. पण बहीण दारात चपला घालून उभी होती.

मांडवात सरजाबाई शिरली आणि बाया बाजूला सरकल्या. महाराजांनी संधी सोडली नाही.

"बगा. मी सांगितलं व्हतं का न्हाई? माझं सोडून लोक डॉक्टरच्या नादी लागत्यात. हे बगा त्याचं फळ."

"महाराज," मनिषाताई पुढं होत म्हणाल्या, "वाद घालायला मी आले नाही. दमले आहे मी. एकच मागणं आहे. तुमचा विधी मला एकदा करू द्या. फक्त बाजू बदलून. अंगारा उजवीकडं, पाणी डावीकडं. उजवी बाजू देवाची असेल तर देवाला अंगाऱ्यानं काय फरक पडतो?"

मांडवात कुजबुज झाली. नाही म्हणण्याची सोय उरली नव्हती. महाराज हसले. "लाव की डॉक्टरीणबाई. पापाच्या बाजूला कितीबी पाणी मारा, काय उगवणार?"

तोंड द्यायला पुढं कोण येणार, हा प्रश्न होता. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. शेवटी बायकोला सोडायला आलेले तात्याराव काठी टेकत उठले. ऐंशीच्या घरातला माणूस. तोंडावर सुरकुत्यांना जागा कमी पडत होती.

"माझं घ्या," ते म्हणाले. "ह्याच्याहून वाईट व्हायचं न्हाई."

मनिषाताईंनी त्यांच्या उजव्या गालावर अंगारा फासला. डाव्या गालावर, हंड्यातल्या साध्या पाण्यात बुडवलेली सुती घडी ठेवली आणि ती ओली ठेवत राहिल्या. भजन नव्हतं, त्यामुळं वेळ जाता जाईना. तात्यारावांना व्यासपीठावर धुरपतामायच्या शेजारीच बसवलं होतं. गालावरची घडी धरून त्यांनी आपलं बोलणं काढलं.

"माय, तुमी माझ्याहून मोठ्या म्हणायच्या. गाव कोणतं तुमचं?"

"पूर्णेकडचं," धुरपतामाय म्हणाली.

"मंग बहात्तरच्या दुष्काळात तुमी ऐन तिशीत असताल. कोणच्या कामावर व्हत्या? आमी पाझर तलावावर माती वाहिली. बायकू खडी फोडायला."

"आमी बी तसंच. तलावावर."

"सुकडी भेटायची का तुमच्याकडं?"

धुरपतामायनं महाराजांकडं पाहिलं. "भेटायची की. चांगली खारवलेली. पर आमी माळकरी, आमी न्हाई मासळी खात."

तात्यारावांनी घडी गालावरच दाबून धरत मान हलवली.

"माय, ती सुकडी मासळीची नव्हती. भरडलेलं पीठ अन् गूळ असायचा त्यात. कामावरच्या लोकायला जीव जगवायला द्यायचे. ज्यानं त्या साली माती वाहिली त्यो हे मेला तरी इसरणार न्हाई."

मागं बसलेल्या दोन म्हाताऱ्या एकदम बोलू लागल्या. त्यांनाही चव आठवत होती, रांग आठवत होती, त्या सुकडीवर जगलेली आणि न जगलेली पोरं आठवत होती. बोलणं वाढत गेलं. त्या मांडवात पहिल्यांदाच बाया महाराजांकडं न बघता एकमेकींकडं बघून बोलत होत्या.

"थांबा, थांबा," महाराज म्हणाले. "मायला आता नीट आठवत..."

"महाराज, जाऊ द्या आता," धुरपतामाय म्हणाली. तिच्या आवाजात भीतीही नव्हती आणि लाजही. नुसता थकवा होता. तो मनिषाताईंना ओळखीचा वाटला. "मी सेहेचाळीस वर्षांची हाय. ह्या बायायहून मी लहान हाय, अन् ह्या माझ्या पाया पडायल्यात. मला लय कंटाळा आलाय पंच्याऐंशीची व्हायचा."

"अन् मलम?" सरजाबाईनं विचारलं. ती उठून उभी राहिली होती. तिचं लाल, सोललेलं तोंड धुरपतामायच्या समोर आलं.

धुरपतामायनं ते बघितलं आणि मान खाली घातली. "मीच पिळते ट्यूबा. परातीत. व्हॅसलीन मिसळते, वरून हळद अन् चंदनाचा वास. मला वाटलं नव्हतं तोंडाचं असं व्हतं म्हणून. मांडवाच्या मागं पोत्यात हायत रिकाम्या."

पोतं ओढत आणलं ते बायांनीच. चपट्या झालेल्या ट्यूबा मांडवात पसरल्या. त्या गडबडीत महाराज व्यासपीठावरून कधी उतरले हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. जीप सुरू झाल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

आता घडी काढायची वेळ झाली होती. मनिषाताईंनी तात्यारावांच्या डाव्या गालावर थोडं साधं व्हॅसलीन चोळलं, उजव्या गालावरचा अंगारा कोरडा पुसला. कर्माची बाजू तुकतुकीत निघाली. देवाची बाजू पांढरटली, रेघारेघांनी भरली.

तात्यारावांनी आरशात दोन्हीकडून पाहून घेतलं. "आता असं अर्धं तोंड घेऊन मी गावातून जावं कसं?" ते म्हणाले. मांडव हसला, पण ते हसणं लगेच विझलं. कितीतरी बायांचे हात आपापल्या गालांवर गेले होते.

मनिषाताई व्यासपीठाच्या काठावर बसल्या.

"ऐका बायांनो. वरची कातडी वाळली की आकसते, बारीक रेघा दिसतात. पाण्यात भिजली की फुगते, रेघा भरतात. वरून तेलकट काही लावलं की ते पाणी उडून जात नाही. राख उलटं करते, होता तो ओलावाही शोषते आणि रेघांमध्ये पांढरी बसते. म्हणून दोन बाजू दोन वयाच्या दिसतात. संध्याकाळपर्यंत तात्यारावांचे दोन्ही गाल पुन्हा सारखे होतील. एवढाच चमत्कार."

"म्हंजी पाण्यानं सुरकुती जात न्हाई?" एका बाईनं विचारलं. तिला अजूनही आशा होती.

"वाळल्यामुळं दिसते ती कमी दिसते. उन्हानं आणि वयानं पडलेली खोल सुरकुती जात नाही. कुणीही सांगो, जात नाही. पण तिला घाई करू न द्यायचं आपल्या हातात आहे. आंघोळीला कढत पाणी नको. साबणानं तोंड घासू नका. तोंड ओलं असतानाच व्हॅसलीन किंवा साधं क्रीम लावा. रानात जाताना तोंडाला रुमाल बांधा. मशेरी सोडा. ह्याला गुरुवार लागत नाही, नारळ लागत नाही. आणि कुणी तुम्हाला काही चमकदार दाखवलं तर दोनच गोष्टी विचारा. हे कशामुळं झालं? आणि बाजू बदलली तरी होईल का? विचारायला शिक्षण लागत नाही. जो विचारू देत नाही, त्याच्या मांडवात बसू नका. आणि ज्यांनी मलम लावलंय त्यांनी घाबरू नका. तोंड पेटेल. माझ्याकडं या."

काही बाया उठून गेल्या. जाताना एक दुसरीला म्हणाली, "काही म्हण, महाराजाच्या हाताला गुण व्हता." मनिषाताईंनी ते ऐकलं. सगळ्यांना एकाच दिवशी पटावं हा हट्ट त्यांनी केव्हाच सोडला होता.

बन्सीधर महाराज पुढं दुसऱ्या जिल्ह्यात पकडले गेले. तोवर तिथंही त्यांचा मांडव उभा राहिलेला होता.

अर्पिताच्या लग्नापर्यंत सरजाबाईचं तोंड पुरतं बरं झालं नव्हतं. येणारच नाही म्हणून ती आदल्या दिवशीपर्यंत अडून बसली. मग अर्पिता स्वतः जाऊन तिला घेऊन आली. पाहुण्यांतल्या कुणी तोंडाला काय झालं म्हणून विचारलं की सरजाबाई लपवालपवी न करता सगळं पहिल्यापासून सांगायची. जेवणाच्या पंगतीत तिच्याभोवती बायांचं एवढं कोंडाळं जमलं की विहीणबाई पानावर बसायचं सोडून ऐकत उभ्या राहिल्या. जाताना त्यांनी पदराआडून हळूच विचारलं, त्यांची धाकटी जाऊही असलंच काही लावते, तिला कुठं दाखवावं.

मांडवातल्या बाया मात्र लगेच आल्या नाहीत. आधी एक आली, तोंडावर पदर ओढून. मग दोघी. मग दवाखान्याच्या व्हरांड्यातला बाक दर सोमवारी भरू लागला. मनिषाताई तपासत, औषध देत, पण रोज आग सोसणं हे औषधानं होत नाही. ते काम सरजाबाईनं आपणहून अंगावर घेतलं. ती बाकावर येऊन बसायची, शेजारणीचा पदर बाजूला सारून तोंड बघायची आणि आपलं दाखवायची. किती दिवसांत सूज उतरते, झोप लागत नसेल तर ओली घडी कशी ठेवायची, नवऱ्यानं टोमणा मारला तर काय सांगायचं.

एका सोमवारी पेडगावचीच एक तरणी बाई आली. डोळे रडून सुजलेले. सासूनं तिला घरातून बाहेर काढलं होतं, महाराजाचा शाप घरात नको म्हणून.

"मावशी, खरं सांगा," ती म्हणाली. "हे शापाचंच हाय ना?"

सरजाबाईनं पिशवीतून मांडवात उचललेली एक चपटी ट्यूब काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. शेपटीकडच्या टोकाला ठोकलेले आकडे बोटानं दाखवले.

"वाच."

"ह्या तारखेपर्यंत वापरा, असं हाय," ती बाई म्हणाली.

"शापावर एक्स्पायरी डेट ठोकलेली असती का गं?"

बाई ट्यूब उलटीसुलटी करून बघत राहिली. मग तिनं तोंडावरचा पदर बाजूला केला. आतून मनिषाताईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली, आणि सरजाबाई तिचा हात धरून उठली.